कुलपाला लावलेलं कुंकू

माझ्या दुकानातलं सगळ्यात महागाचं कुलूप मी माझ्याच हातानं मारलं, आणि तेही त्याची पूजा करताना. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल. एवढा मान घेऊन मेलेलं कुलूप अख्ख्या रिसोड तालुक्यात दुसरं नसेल.

दुकान म्हणजे बस स्टँडच्या मागच्या गल्लीतलं माझं टायपिंगचं दुकान. लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका, ज्याला जे लागेल ते. वीस-बावीस वर्षं झाली. मराठी टाइप करायचं म्हणून सुरुवातीलाच एका कंपनीचा प्रोग्राम घेतला होता, आणि त्याच्यासोबत बोटाच्या पेराएवढी एक काळी डबी आली होती. ती कॉम्प्युटरच्या मागं खोचली की प्रोग्राम चालायचा, काढली की ठप्प. आम्ही तिला कुलूप म्हणायचो. नवरा म्हणायचा, "तू घरी नसली तं चालते, हे नसलं तं दुकान बंद." आणि ते काही खोटं नव्हतं.

दसऱ्याला आमच्याकडं ज्याच्यावर पोट आहे त्या हत्याराची पूजा असते. शेतकरी विळे-कुऱ्हाडी धुऊन मांडतो, शिंपी मशीनला हार घालतो, मी कॉम्प्युटरला आणि प्रिंटरला कुंकवाचं बोट लावायची. त्या वर्षी माझ्या डोक्यात काय आलं देव जाणे. म्हटलं, ज्याच्या जिवावर हे सगळं चालतं तो तर बिचारा मागं धुळीत खोचलेला, पहिला मान त्याचाच हवा. काढलं कुलूप. ओल्या फडक्यानं पुसलं. पाटावर तांदळाची रास घालून तिच्यावर बसवलं. हळद लावली, कुंकू लावलं, आणि समोर नारळ फोडला. नारळाचं पाणी उडालं ते नेमकं त्याच्याच तोंडात. मी हात जोडून म्हटलं, "असाच पाठीशी राहाय बावा."

दुसऱ्या दिवशी खोचलं तर प्रोग्राम म्हणतो, कुलूप सापडत नाही.

मी ते उन्हात ठेवलं. फुंकलं. दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं, ते तिसऱ्या दिवशी भातात शिजता शिजता राहिलं. शेवटी कंपनीला फोन लावला. तिकडून एक गोड आवाजाची मुलगी बोलली. मॅडम, ते व्हर्जन आता बंद झालंय, तुम्ही नवीन घ्या. मी म्हटलं, घेते, माझ्या जुन्या फायली त्यात उघडतील ना? नाही म्हणाली. मग जुनं कुलूपच द्या दुसरं. ते आता बनत नाही म्हणाली. मी म्हटलं, "अहो, फायली माझ्या, टाइप मी केल्या, कॉम्प्युटर माझा, वीजबिल मी भरते. आणि मलाच दिसणार नाहीत?" त्यावर तिनं विचारलं, आणखी काही मदत करू का? मी फोन ठेवला आणि मनातल्या मनात दोन-तीन अस्सल वऱ्हाडी आशीर्वाद दिले.

आता माझ्या धाकट्या नणंदेबद्दल सांगायला पाहिजे. ती वाशीमला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते, आणि दहा-बारा वर्षांपासून माझ्या मागं लागली होती की वहिनी, हे कुलूपवालं सोड, मोकळं सॉफ्टवेअर वापर. कोणी पोथीचा प्रचार करतं, कोणी विमा गळ्यात मारतं, हिचं हे. एकदा तिनं त्याची एक चकती, म्हणजे सीडी, आणून दिली आणि वर वीस रुपये मागितले.

मी म्हटलं, "फुकट आहे म्हनतं अन् वीस रुपये कायले?"

"चकतीचे अन् बसच्या तिकिटाचे. अन् मी फुकट नाई म्हटलं, वहिनी. मोकळं म्हटलं."

"एकच तं झालं."

"नाई होत एक. इकत घेतलेलं बी मोकळं असू शकते, अन् फुकटातलं बी बांधलेलं असू शकते."

मला यात तेव्हा काडीचा रस नव्हता. आमच्यात म्हण आहे, फुकट ते पौष्टिक, आणि माझा अभ्यास तेवढ्यावर संपला होता. पण नणंदेला चिडवायला विषय चांगला होता, तो मी कशाला सोडते? दुकानात साबणावर साबण फ्री आला की मी तिला फोटो पाठवायची, हे तुझ्या पंथातलं काय? ती मास्तरीण, तिला थट्टा कळत नाही असं नाही, पण उत्तर मात्र ती गंभीरपणे द्यायची. साबन कसा केला ते लिवलं आहे काय? तसा घरी करून शेजारनीले देल्ला तं कंपनी मारायला धावते काय? मग मी नवऱ्याला वाचून दाखवायची आणि आम्ही दोघं हसायचो.

एकदा मी तिला चांगलं कोंडीत पकडायचं ठरवलं. दुकानात दुसरे दोन-तीन प्रोग्राम होते, ते एका माणसाकडून तोडून आणलेले होते, म्हणजे त्यांचं कुलूप त्यानं आधीच फोडून ठेवलेलं. मी म्हटलं, "हे पाय, माह्यं बी मोकळं. ना कुलूप, ना पैसा."

ती म्हणाली, "चोरून आनलेल्या बैलाच्या गळ्यात दावं नसलं म्हनजे थो मोकळा होते काय? मालक दुसराच आहे त्याचा. रस्त्यानं नेतानी तूच चारी बाजूनं पाहात जातं."

हे मात्र मला लागलं, कारण गल्लीत अनोळखी जीप थांबली की मी खरंच आधी ते प्रोग्राम बंद करायची.

तर कुलूप मेल्यावर मी कोणाला फोन करायला हवा होता ते उघड आहे, आणि मी तो केला नाही. नणंदेपुढं हार मानायची? त्यापेक्षा दुकान बंद पडलेलं बरं. नवीन कामं कशीबशी फोनवर टाइप करून भागवायला लागले. जुन्या फायलींचं कोणी नाव काढलं की म्हणायची, मशीन दुरुस्तीला गेलंय. दिवाळी अशीच निभावली.

तुळशीचं लग्न झालं आणि तिसऱ्या दिवशी शिरपूरच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातली काकू दुकानात आली. साठीच्या आसपासची, बाजार समितीत सोयाबीन टाकून थेट इकडं आलेली, लुगड्यावर भुसा तसाच. तिला मी ओळखत होते, तिच्या मालकांना जास्त. ते तीन वर्षांपूर्वी गेले. दोन मुली, मुलगा नाही. मोठीचं लग्न दहा-अकरा वर्षांपूर्वी झालं, पत्रिका माझ्याकडची. आता धाकटीचं ठरलं होतं.

मी म्हटलं, "पत्रिका छापायची का, काकू?"

"पत्रिका पोरीनं शहरातून छापून आनली. मले थे यादी पायजे. यायनं केल्ती थे. तुमच्या मशिनीत आहे म्हनत होते हे."

यादी मला चांगली आठवत होती, म्हणजे ती होती हे आठवत होतं.

पत्रिका काय, सगळेच छापतात. पण आमच्याकडं पत्रिका पोचली म्हणून पाहुणा येत नाही. कोण घेऊन आलं, उभ्या उभ्या दिली की बसून दिली, आधी आम्हाला दिली की पलीकडच्या घरी, चहा घेतला की टाळला, यावर त्याचं येणं ठरतं. काकूच्या मालकांनी मोठीच्या लग्नात हे सगळं शास्त्र एका यादीत बसवलं होतं. तीन रकाने: पाहुणा कोण, पत्रिका घेऊन कोण जाणार, आणि ध्यानात काय ठेवायचं. हातानं लिहिलेले ताव घेऊन ते दोन दिवस माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. एकच प्रत काढून नेली. लग्न पार पडल्यावर ती प्रत आणि हातचे ताव त्यांनी आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत घातले. असले कागद घरात राह्यले तं घर राहात नाई, असं म्हणाले म्हणे.

तुम्ही म्हणाल, टाइप तू केलीस, तर तुला आठवायला पाहिजे. पण टाइप करणारी बाई वाचत नसते. वाचायला लागली की चुकते. अक्षरं डोळ्यांतून बोटांत जातात, मधे डोक्यात थांबत नाहीत. मी शेकडो माणसांच्या सोयरिकी आणि मृत्युपत्रं टाइप केली असतील, विचाराल तर एकही सांगता येणार नाही.

काकू सांगत होती, "भावकीचे चाळीस घरं आहेत, बाई. त्या लग्नात एक मानूस रुसला नाई. वावराच्या धुऱ्यावरून, म्हंजे बांधाच्या भांडनावरून, बारा वर्सं बोलत नवता थो चुलतदीर, थो बी आला, पंगतीत बसला. सगळं यायनं जमवलं. आता हे नाईत. मी गेली अन् एखाद्या ठिकानी चुकलं, तं लोकं म्हनतीन, मानूस गेलं अन् घराची रीत बी गेली. मांडवात पोरीच्या मागं उभं राहाले कोनी पायजे नं? सोमवारी देवाले पयली पत्रिका ठेवून निंगतो मी. तेवढी यादी काहाडून द्या."

खरं सांगायची वेळ हीच होती. मी काय म्हटलं? "आहे नं काकू, कुठं जाते? रविवारी या."

ती गेली आणि मला स्वतःचा असा राग आला की विचारू नका. आता काहीतरी करणं भागच होतं. गल्लीतल्या एकानं फोनवर एक संकेतस्थळ दाखवलं. तिथं जुनी फाइल चढवायची, ते नवी करून देतं, एक पैसा लागत नाही. मी खूश. आधी परीक्षा म्हणून एका जुन्या लग्नाची पत्रिका चढवली. पहिलं पान परत आलं. त्यात नवरदेवाच्या आजोबांच्या जागी नुसते चौकोन होते आणि खाली लिहिलं होतं, पुढची पानं हवी असतील तर नाव, नंबर देऊन नोंदणी करा. मी केली. संध्याकाळपासून माझ्या फोनवर मंगल कार्यालयं, घोडे, बँडवाले, शेरवान्या सुरू. नवरा म्हणाला, "कोनाचं लगन करून राह्यली? मले सांगतलं बी नाई."

तरी मी यादीची फाइल निवडलीच होती. फक्त शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. तेवढ्यात वाटलं, एकदा विचारून घ्यावं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, मी नणंदेला फोन लावला आणि दसऱ्यापासूनचं सगळं सांगितलं. कुलपाच्या अंगावर नारळाचं पाणी उडालं इथपर्यंत आले, तर ती इतकी हसली की तिकडं तिच्या शेजारणीनं येऊन विचारलं, काय झालं म्हणून. यादीचं आणि त्या संकेतस्थळाचं सांगितलं, तेव्हा हसणं एकदम थांबलं.

"चढवली काय यादी?"

"नाई अजून."

"हात बी लावू नको. चाळीस घरच्या कुलंगड्या आहेत त्याच्यात. थे फाइल कुठी जाते, तिचं काय करतेत, आत पाहू देतेत काय तुले?"

"पन फुकट आहे नं."

"कुलपानं तुले बाहेर ठेवलं, वहिनी. हे तुले आत घेते अन् खिसे तपासते. दोघायचा बी मालक दुसराच. मी रविवारी येतो."

रविवारी सकाळच्या बसनं ती आली. काकू तिच्याही आधी येऊन बाकावर बसली होती. मग मला सगळं कबूल करावंच लागलं, कुलूप, कुंकू, नारळ आणि माझी थाप. काकू रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मंग नाई निंगनार?" ते ऐकून मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

नणंदेनं स्वतःचा लॅपटॉप उघडला. तिच्या त्या मोकळ्या प्रोग्रामात तिनं माझी फाइल ओढली, आणि माझी फाइल, जी माझ्याच कॉम्प्युटरनं दीड महिना मला दाखवली नव्हती, ती समोर उघडली. कोणीतरी कुठंतरी खपून त्या कंपनीच्या फायलींची आतली रचना शोधून काढली होती आणि सगळ्यांसाठी ठेवून दिली होती. फक्त अक्षरं मराठी नव्हती. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची नुसती भेळ. नणंद म्हणाली, जुने फाँट असेच असतेत, ते बदलून देणारा तक्ता बी मोकळा भेटते. तो लावला. अर्धी भेळ मराठी झाली, अर्धी भेळच राहिली. जोडाक्षरं तर सगळी मोडून पडलेली.

काकू बघत होती. तिनं विचारलं, "हे जे तुमी मोकळं मोकळं म्हनून राह्यल्या, म्हंजे काय?"

नणंदेनं श्वास घेतला. मी मनात म्हटलं, झालं, आता तास सुरू. ती सांगू लागली की वापरताना कोणाला विचारावं लागत नाही, आत कसं चालतं ते उघडून पाहता येतं, चुकलं असेल तर दुरुस्त करता येतं, आणि दुरुस्त केलेलं दुसऱ्याला देता येतं, आणि यातलं एकही नसलं तर ते—

"कळलं," काकू म्हणाली. "कपाशीच्या बियान्याची थैली दरसाल दुकानातून आना लागते. घरच्या सोयाबीनचं तसं नाई. राखा, निवडा, पेरा, शेजाऱ्याले द्या. कोनाले इचारायचं काम नाई."

नणंद इतकी वर्षं फळ्यावर चौकटी काढून शिकवते ती हे. मी म्हटलं, "तुझी नोकरी गेली बाई."

मग ती माझ्याकडं वळली. "वहिनी, तक्ता चुकून राह्यला, कारन तुह्या फाँटासाठी नाई बनवला तो. कोनतं चिन्ह म्हंजे कोनतं अक्षर, थे मले सांग."

"मले काय मालूम? मी चिन्हं कधी पाह्यली?"

"बोटायले मालूम असन."

आणि खरंच होतं. ती एक-एक चिन्ह सांगायची, मी डोळे मिटून ते कीबोर्डवर दाबायची, आणि बोट तिथं गेलं की तोंडातून आपोआप निघायचं, अर्धा श. हा ळ. हा वरचा रफार. वीस वर्षं जे बोटांत साचलं होतं ते निघत गेलं. नणंदेनं त्या तक्त्याचं पोट उघडून माझ्यापुढं ठेवलं होतं, नुसत्या ओळीच ओळी, डावीकडं चिन्ह, उजवीकडं अक्षर. मी म्हटलं, "एवढंच असते आत?" आयुष्यभर मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि आत पहिल्यांदा डोकावले. कोणी दार लावलं नाही, कोणी नोंदणी मागितली नाही. मला इतका आनंद झाला की मी काकूचा हात धरला. माझ्या बोटानं एक ओळ बदलली आणि समोरच्या पानावरचे सगळे मोडके शब्द एका झटक्यात सरळ उभे राहिले.

नणंद म्हणाली, "आता हा सुधारलेला तक्ता बनवनाऱ्याले परत पाठवू. तुह्यासारख्या कितीक जनायच्या फायली अडकल्या असतीन."

मी म्हटलं, "मेहनत आपली अन् फुकटात वाटायची?"

"त्या मानसानं वाटला नसता तं तू आज काय केलं असतं?"

हे पटलं. पण मला दुसरीच धास्ती पडली. मी आवाज बारीक करून विचारलं, "अन् यादी? मोकळं म्हंजे यादी बी सगळ्यायले दाखवा लागते काय?" काकूही दचकली.

"नाई वं बह्याड. हत्यार मोकळं. कागद आपला."

दोघींनी निःश्वास टाकला. आणि मग मी यादी वाचायला बसले. काकूला डोळ्यांनी पडद्यावरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून मोठ्यानं. माझीच टाइप केलेली यादी मी पहिल्यांदा वाचत होते.

इंझोरीची मावससासू: भावकीतल्या मोठ्या जावयानं जावं. चहा नको म्हणू नये. दोनदा नको म्हटलं तर तिसऱ्यांदा ती पत्रिका परत देते.

रिसोडचे साडभाऊ: आधी फोन करू नये. फोन केला तर घरी सापडत नाहीत.

आत्याबाई: पत्रिकेत नाव वरून चौथं आहे, ते बोट ठेवून दाखवावं. चष्मा मागतील, तो शोधून द्यावा, मगच निघावं.

मधल्या घरचे दोघं भाऊ: पत्रिका दोन, वेळ एक. दोघांनाही अंगणात बोलवावं. एकाच्या ओट्यावर बसू नये.

मी हसू दाबत होते, नणंद दाबत नव्हती, आणि काकू तर पदर तोंडाला लावून हसायला लागली. "असेच होते हे," म्हणाली. "मानसायले अशे वळखत होते." शिरपूरच्या मामांपुढं लिहिलं होतं, आधी बैलांची विचारपूस, मग तब्येतीची, लग्नाचं शेवटी. काकू म्हणाली, "बैल इकले त्यायनं. टॅक्टर आहे आता." नणंदेनं तिथल्या तिथं बैल काढून ट्रॅक्टर केला. काकूनं वाकून बघितलं. "बदलते होय हे?" असं म्हणाली आणि मग तिनंच चार ठिकाणी दुरुस्ती सांगितली. दोघं पाहुणे वारले होते, त्यांच्या जागी त्यांच्या सुना आल्या. एका जावयाला मधुमेह निघाला होता, त्याच्या घरी पेढे न्यायचे नाहीत, हे नवीन घातलं. सकाळी बाकावर बसलेली ती घाबरलेली बाई कुठं गेली कोण जाणे. आता ती आम्हाला कामं सांगत होती.

शेवटची ओळ मात्र उलगडेना. बाकी सगळं सरळ आलं होतं, तिथंच अक्षरं एकमेकांत अडकलेली, काना भलतीकडं, दोनदा उमटलेलं काही. नणंद म्हणाली, तक्त्यात अजून काहीतरी चुकते. मी पाहिलं, आणि मला आठवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, प्रत काढून झाल्यावर, काकूचे मालक म्हणाले होते, ही एक ओळ मी टाकतो बाई, कुठं काय दाबायचं तेवढं सांगा अन् तुमी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पाहा. मी दाखवलं. ते अर्धा तास एका बोटानं ठोकत बसले होते आणि मी हसले होते.

"तक्ता बरोबर आहे," मी म्हटलं. "बोट नवशिकं आहे." कोणत्या बटणाशेजारी कोणतं, कुठं घसरलं असेल, हे मला सांगायला लागत नाही. मी एक-एक अक्षर सोडवत गेले, आणि कोडं सुटत चाललं की माणूस जसा हुरळतो तशी हुरळून मोठ्यानं वाचत गेले.

"चुलतभाऊ. इथं मी एकटाच, सगळ्यायच्या आधी जाऊन आलो. धुरा त्यानं नाई, मीच कोरला होता. पाया पडून आलो. बाई, आमच्या घरी सांगू नका."

वाचून झालं तेव्हा मला कळलं की ती बाई म्हणजे मी. एकही रकाना रिकामा न सोडणारा तो माणूस एवढी एक ओळ माझ्या भरवशावर ठेवून गेला होता. दहा-अकरा वर्षं मी ती एकदाही उघडली नाही, आणि उघडली ती त्याच्याच बायकोसमोर, मोठ्यानं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्या तोंडाला कुलूप असतं तर ते मी आनंदानं पूजलं असतं.

काकू स्टँडवर बसचा पुकारा चालला होता तो ऐकत राहिल्यासारखी बसली. मग म्हणाली, "आमाले यायनं सांगतलं का चुलतदिरानं धुरा कोरला. बारा वर्सं मी त्या घरच्या बाईसंगं बोलली नाई. नळावर आली का मी हंडा उचलून घरी. लग्नात थो आला तं मले वाटलं, आला नमून. मी त्याच्या ताटात वाढलं बी नाई. दुसऱ्या बाईले वाढाले लावलं."

नणंदेनं हळूच विचारलं, "काकू, ही ओळ काहाडून टाकू काय? कोनाले कळनार नाई."

"काहाडू नका," काकू म्हणाली. "लिवलं थे राहू द्या. त्याच्या खाली अजून लिवता येते नं?"

"येते."

"मंग लिवा."

नणंदेनं लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. काकू सांगत गेली आणि मी टाइप करत गेले. या खेपेला मात्र मी प्रत्येक अक्षर वाचत होते.

"घरी कळलं. सोमवारी देवाच्या आधी इथं. जाईन मीच. त्या बाईच्या हातचं जेवून येईन."